रिकाम्या चौकटीविरुद्ध रिझाल्दी

कोतो मरांती,
रविवार, ३ नोव्हेंबर

प्रिय रिझाल्दी,

सलाम, आणि थोरल्या बहिणीचे, तुझ्या उनीचे, आशीर्वाद. माझी प्रकृती ठीक आहे. गुडघा जिन्याशी रोज भांडतो, पण वर पोहोचते मीच. समसिनार मावशी बऱ्या आहेत. तू पाठवलेल्या संत्र्यांपैकी निम्मी त्यांनी शेजारी वाटली आणि वाटताना प्रत्येकीला बजावले, "महापौरांकडची आहेत. आंबट निघाली तर तक्रार नगरपालिकेत करा, माझ्याकडे नको."

शुक्रवारी तू विचारलेस तेव्हा मी "लिहून कळवते" म्हणाले. ते तुला रुचले नाही, हे तुझ्या पाठीवरूनच दिसले. पण आयुष्यभर घटनेचा कायदा शिकवलेल्या बाईला तोंडी निकाल देण्याची सवय नसते. शिवाय मला एक कुतूहल आहे, आणि ते शमवल्याशिवाय उत्तराकडे वळणे मला जमणार नाही.

या निवडणुकीत तुझ्यासमोर कोणीही उभे नाही. सगळे पक्ष तू आपल्याकडे वळवलेस. मतपत्रिकेवर एकीकडे तुझा फोटो आणि शेजारी कायद्याने ठेवलेली रिकामी चौकट. ज्याला तू नको असशील त्याने त्या चौकटीत खिळ्याने भोक पाडायचे. तिला चेहरा नाही, पूर्वायुष्य नाही. तिच्यावर आरोप करता येत नाहीत, तिला फोडता येत नाही, सत्तेत वाटा देऊन घरी बसवता येत नाही. अशा चौकटीला माझा भाऊ घाबरतो आहे. का?

मी तुझे सगळे आयुष्य तपासून पाहिले. आपल्या मुलखातल्या मुलांप्रमाणे तूही मिसरूड फुटण्याआधी नशीब काढायला जाकार्ताला गेलास. खानावळीत ताटल्या विसळल्यास, पुढे कापडाचे दुकान टाकलेस. परतलास तेव्हा बोलणे राजधानीचे झाले होते, भूक मात्र इथलीच होती. नगरसेवक, उपमहापौर, महापौर. पक्ष दोनदा बदललास. दोन्ही वेळचे खुलासे मी वाचले, आणि दुसरा पहिल्याहून गचाळ लिहिलेला होता. पण गटारे तू बांधलीस. मावशींच्या स्वयंपाकघरात दर पावसाळ्यात शिरणारे पाणी तू थांबवलेस. ते काम चोख होते, आणि चोख हा शब्द मी उगाच वापरत नाही.

मग बाजार. जुना पाडून तू चार मजली इमारत उभी केलीस. वरचे मजले अजून ओस आहेत. गुरुवारी मी मुद्दाम तिथे गेले आणि मिरच्या निवडता निवडता मिरचीवाल्या एर्निवातीला विचारले, "मत कुणाला?"

"चौकटीला, प्रोफेसरबाई."

"चौकट तुला काय देणार?"

"काही नाही. पण ती मला तिसऱ्या मजल्यावर तरी पाठवत नाही."

शेजारची सुक्या मासळीवाली म्हणाली, "आणि टाळ्या वाजवायला उन्हात उभंही करत नाही." मग माझ्याकडे निरखून पाहत, "तुम्ही महापौरांच्या बहीण ना? मग मिरच्या बेतानंच घ्या, आजच्या जरा झोंबतील."

मी नेहमीपेक्षा दुप्पट घेतल्या.

नवल याचे वाटले, की कुणाच्याच बोलण्यात द्वेष नव्हता. एर्निवातीने तुझ्या मुलीची चौकशी केली. इमारत वाईट आहे असेही कुणी म्हणाले नाही. आराखडा छापून आल्यावर त्यांना तो दाखवला गेला, एवढेच त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

हे तुला कळत नाही असे नाही. कळते, म्हणूनच तुला आता दातुक, आपल्या कुळाचा प्रमुख, व्हायचे आहे. महापौराचे न ऐकणारे लोक दातुकापुढे आवाज खाली आणतात.

मामा गेले तेव्हा कुळाने दातुक सांगुनो ही त्यांची पदवी भाचा म्हणून तुझ्यापुढेच धरली होती. तू म्हणालास, "उनी, बांधावरची भांडणं ऐकत बसायला मला वेळ नाही गं." उत्तर प्रामाणिक होते, मला ते आवडले होते. तेव्हापासून पदवी घडी घालून ठेवली आहे. आणि शुक्रवारी तू म्हणालास, "घडी उलगडू या. मेजवानीची म्हैस मी देतो, मांडव मी घालतो. तू घरातली थोरली, तू फक्त हो म्हण."

आतून मावशी म्हणाल्या, "म्हैस तयार आहे म्हणे. बुयुंग, पोरा, तू आहेस का तयार? उद्या मलिकच्या कोंबड्यांच्या भांडणावरून कुळाची बैठक आहे, ये बघू."

"निवडणूक होऊ दे मावशी, मग रोज येतो."

"रोज नको बाबा. एवढं रेंदांग कोण शिजवणार?"

तू हसलास. मीही हसले. त्या क्षणी, तुला सांगते, मी हो म्हणण्याच्या बेतात होते.

इतके लिहूनही मुख्य गोष्ट मी टाळतेच आहे. काल मलिकच्या बैठकीला तू आला नाहीस, हे अपेक्षितच होते. परतताना पुलापाशी तुझा नवा फलक पाहिला. तुझा फोटो, डोक्यावर दातुकाचे काळे मुंडासे, खाली सोनेरी अक्षरांत 'दातुक सांगुनो रिझाल्दी'. दोऱ्या धुळीने मळल्या होत्या. म्हणजे तो शुक्रवारच्या आधीच टांगलेला होता. तू माझा होकार मागायला आला नव्हतास. छापून झालेल्या गोष्टीवर शिक्का मागायला आला होतास. बाजारातही हेच झाले होते, रिझाल्दी. माझे कुतूहल तिथे, पुलावर संपले.

फलक मावशींनीही पाहिला. त्या एवढेच म्हणाल्या, "मुंडासं उसनं दिसतंय."

बुधवारी गावचे वडीलधारे फलकाची चौकशी करायला आपल्या घरी येणार आहेत. ते मला एकच प्रश्न विचारतील: पदवी दिलीत का? नाही म्हटले, की संध्याकाळपर्यंत साऱ्या शहराला कळेल की महापौराने घराने न दिलेला मान स्वतःच अंगावर चढवला. मग चौकटीला प्रचाराची गरज उरणार नाही. तू हरशील, आणि माझ्या शब्दामुळे हरशील. हे मला ठाऊक आहे. तरीही मी खोटे बोलणार नाही, हे तुला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र आज लिहिले, आणि मावशींच्या नातवाच्या हाती पाठवते आहे. मंगळवारपर्यंत सगळे फलक उतरव. बुधवारी स्वतः ये, वडीलधाऱ्यांसमोर बस आणि घाई झाली म्हणून सांग. मी शेजारी बसेन.

माझे मत तुला आहे. गटारांसाठी आहे, आणि ते मी कुणाच्या सांगण्यावरून बदलणार नाही. पण महापौर व्हायला निम्म्याहून एक मत जास्त पुरते. दातुक व्हायला घरातले एकही माणूस नको म्हणणारे चालत नाही. तसे एक माणूस आज या घरात आहे, आणि ते हे पत्र लिहिते आहे. मतमोजणीनंतर, जिंकलास किंवा हरलास तरी, पदवी हवी असेल तर पुन्हा विचार. तेव्हा मी काय म्हणेन, ते मलाही अजून माहीत नाही.

जिथे तुला पदवीशिवाय ताट वाढले जाते त्या घरातून,
तुझी उनी
युस्निदार