बाबांचा श्वास

मंगळवार संध्याकाळ, मु. करडी

रसायनशास्त्रातला मोल आज एकदाचा समजला. डझन म्हणजे बारा, तसा मोलही आकडाच, पण अफाट. घोटभर पाण्यातल्या कणांएवढा. सर म्हणाले, एका श्वासातले कण जगभर पांगले, तरी आपल्या प्रत्येक श्वासात त्यातला एखादा येतोच.

हे मी आईला काहून सांगितलं? ती तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं.

"मंग तुह्या बाबाचा शेवटचा श्वास?"

"तोही असंल, आई. इथंच."

ती उठली. उन्हाळ्यात बाबांनी प्राण सोडला त्या खोलीत गेली, दार-खिडकी लावून घेतली. आतून जोरजोरात श्वास ओढल्याचा आवाज येतो आहे. अजून येतो आहे.

"आई, काय करून राहिली? दार उघड."

"नाई," ती म्हणाली. "बाहेर जातीन ते."