बूच बसवण्याच्या यंत्रावरील सील आणि 'निष्काळजी' हा शेरा

प्रति,
मा. मुख्य निरीक्षक,
यंत्र सुरक्षा विभाग,
जिल्हा कार्यालय.

विषय : बूच बसवण्याच्या हाती यंत्रावरील सील काढणे व परवान्यावरील 'यंत्रचालिका निष्काळजी' हा शेरा रद्द करणेबाबत.

संदर्भ : १) यंत्राची तपासणी व्हावी असा माझा दि. ९ जानेवारीचा अर्ज.
२) आपल्या तपासनिसांचा दि. ३ फेब्रुवारीचा पंचनामा.
३) याच विषयावरील माझे तीन अर्ज. उत्तर एकाचेही नाही.

महोदय,

१. मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे. माझी आत्या गेली तीस वर्षे सफरचंदाचे व्हिनेगर तयार करून बाटल्यांत भरते. तिचा कारखाना म्हणजे दोन खोल्या. मागच्या खोलीत पिंपे आहेत, पुढच्या खोलीत बाटल्या, टेबल आणि बूच बसवण्याचे यंत्र. परवाना आत्याच्या नावावर आहे. मी तिथे आम्लता मोजते, लेबले लिहिते आणि आत्याच्या मते मध्ये मध्ये येते.

२. सदर यंत्राला वीज लागत नाही, वाफ लागत नाही, चाक नाही. खाली स्प्रिंगवर बाटलीची बैठक आहे. वर पितळेचे निमुळते नरसाळे आहे. २४ मिलिमीटर जाडीचे बूच त्या नरसाळ्यातून दाबले जाऊन बारीक होते आणि साडेअठरा मिलिमीटरच्या बाटलीच्या तोंडात शिरते. दाबण्याचे काम एका लांब तरफेने होते. आत्या उजव्या हाताने तरफ ओढते आणि डावा हात बाटलीच्या अंगाला लावून ठेवते. असे ती तासाला नव्वद वेळा करते. पूर्वी ती लाकडी हातोड्याने बुचे ठोकत असे. मनगट दुखू लागल्यावर हे यंत्र घेतले.

३. ते तपासून घ्यावे, असे आपल्या कार्यालयाला कोणीही सांगितले नव्हते. मी सांगितले. प्रमाणपत्र असावे असे मला वाटले. आत्या तेव्हा म्हणाली होती, "चालतंय ते चालू दे की गं बाई. सरकारला कशाला घरी बोलावतेस?" मी तिला सुरक्षिततेवर दहा मिनिटे व्याख्यान दिले. ते व्याख्यान मला आजही तोंडपाठ आहे आणि आठवले की जेवण जात नाही.

४. दि. ३ फेब्रुवारी रोजी सकाळी अकरा वाजता आपले तपासनीस आले. ते मूळचे बॉयलरचे तपासनीस. लहान यंत्रांचा जादा भार त्यांच्याकडे जानेवारीपासून आहे. आमचे यंत्र हे त्यांचे पहिलेच लहान यंत्र, असे त्यांनीच मोठ्या आनंदाने सांगितले. आत्याने भरून ठेवलेल्या बाटल्या त्यांनी पाहिल्या आणि विचारले, "मावशी, या अर्धवट का भरल्या?"

आत्या म्हणाली, "अर्धवट कुठं साहेब, दोन पेरं सोडलीत."

आत्या बाटलीच्या मानेला बाहेरून मधले बोट लावते आणि वरची दोन पेरे रिकामी ठेवते. मी ते अंतर अनेकदा मोजले आहे. ते ५४ मिलिमीटर भरते, कधी एकाने कमी, कधी एकाने जास्त. साहेब हसले. म्हणाले, "चाचणी बोटांवर होत नसते, मावशी." मग त्यांनी एक बाटली रिकामी करवली, तीत पाणी भरायला लावले, ते तोंडापर्यंत आणले, पेन्सिलने बाटलीवर टकटक करून बुडबुडे काढले आणि उरलेली जागा माझ्याच प्रयोगशाळेच्या ड्रॉपरने थेंब थेंब घालून भरली. पाण्याचा फुगवटा काचेच्या कडेच्या वर आला तेव्हा कुठे त्यांचे समाधान झाले.

५. त्यांनी असे का केले हे मला तेव्हाच समजले, आणि आपल्यालाही समजावे म्हणून लिहिते. बॉयलरची चाचणी घेताना त्यात पाणी काठोकाठ भरतात व हवा पूर्ण काढून टाकतात. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी ताकद साठवते, त्यामुळे हवा असताना बॉयलर फुटला तर तुकडे उडतात. पाणी फारसे दाबले जात नाही, त्यामुळे नुसते पाणी असेल तर एखादा सांधा गळतो आणि चाचणी थांबवता येते. रीत उत्तम आहे. मात्र बॉयलरमध्ये कोणी वरून बूच ठोकत नाही. बाटलीत ते ३८ मिलिमीटर आत जाते आणि जाताना सुमारे दहा मिलिलिटर जागा मागते. आत्याची दोन पेरे म्हणजे ती जागा आहे. साहेबांनी ती जागा ड्रॉपरने भरून टाकली.

पुढची आकडेमोड साधी आहे. आत्याच्या हाताचा जोर पंधरा किलो धरला तर तरफेने तो आठपट, म्हणजे एकशेवीस किलो होतो. बुचाचे क्षेत्रफळ २.७ चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला चव्वेचाळीस किलो. घर्षणात निम्मा जोर गेला तरी बावीस उरतात. आमची बाटली पंधराच्या आसपास हात टेकते.

६. मी म्हणाले, "साहेब, वर थोडी जागा ठेवायला हवी."

साहेब म्हणाले, "आपली पदवी कशातली?"

"रसायनशास्त्र."

"मग रसायनाकडे बघा. दाब आमचं खातं आहे."

आत्याने माझ्याकडे डोळे वटारून पाहिले. घरी आलेल्या साहेबाशी हुज्जत घातलेली तिला आवडत नाही. साहेबांनी हुकूम केला, "हं, मावशी, ओढा." आत्याने तरफ ओढली. बूच जेमतेम आत शिरले आणि थांबले.

"साहेब, अडतंय."

"अडतंय म्हणजे दाब बरोबर येतोय. ओढा."

"रोज असं अडत नाही हो."

"रोज चाचणी नसते, मावशी. घाबरता काय? दोन्ही पाय रोवा आणि ओढा."

आत्याने पाय रोवले. बाटलीचे बूड गेले. ते एका तुकड्यात, झाकण निघावे तसे निघाले. पाणी साहेबांच्या बुटांवर पडले आणि काचेची कडा आत्याच्या डाव्या तळहातात अंगठ्याखाली शिरली. सात टाके पडले. बूच मात्र तोंडात व्यवस्थित बसलेले आहे. बूड गेलेली बाटली त्या बुचासह अजूनही यंत्रात आहे, कारण साहेबांनी आहे त्या अवस्थेत फीत गुंडाळून लाख लावली. मी आत्याला घेऊन दवाखान्यात गेले होते, तेवढ्या वेळात पंचनामाही झाला. पंच म्हणून साहेबांचा ड्रायव्हर आणि शेजारचे शिंपीकाका यांच्या सह्या आहेत. शिंपीकाका आवाज ऐकून नंतर आले होते.

७. पंचनाम्यात लिहिले आहे : 'बाटली नियमानुसार पूर्ण भरलेली होती. यंत्र स्फोट घडवणाऱ्या साधनांच्या वर्गात मोडते. यंत्रचालिकेने प्रमाणाबाहेर जोर लावला. यंत्रचालिका निष्काळजी.' ही शेवटची ओळ तांबड्या शाईने आत्याच्या परवान्यावर उतरवली आहे. पाय कोणी रोवायला सांगितले, याचा उल्लेख नाही. साहेबांचे बूट भिजल्याचा उल्लेख आहे.

८. यानंतर मी आपल्या कार्यालयात चार वेळा आले. पहिल्या खेपेस सांगण्यात आले की, अर्जासोबत यंत्र चालू असतानाचा फोटो जोडा. यंत्राला सील आहे, ते चालवणे गुन्हा आहे, असे मी म्हणाले. लिपिकबाई म्हणाल्या, "मग जुना जोडा." जुना फोटो एकच आहे. त्यात यंत्राशेजारी मी सहा वर्षांची उभी आहे. तो जोडला. 'फोटोतील व्यक्ती परवानाधारक नाही' या कारणाने अर्ज परत आला.

दुसऱ्या खेपेस यंत्रच घेऊन या, असे सांगितले. सीलवर छापलेले आहे की, हे साधन जागेवरून हलवू नये.

तिसऱ्या खेपेस मला बॉयलर मालकाचा नऊ पानी फॉर्म देण्यात आला, कारण पुनर्तपासणीसाठी दुसरा फॉर्म छापलेला नाही. मी तो भरला. धुरांड्याची उंची : नाही. इंधन : आत्या. वाफेचा कमाल दाब : लागू नाही. 'इंधन' या रकान्यातील उत्तर उद्धट असल्याचा शेरा मारून तो फॉर्म फाइलला लावला आहे, असे समजते. ते उत्तर उद्धट होते. मी ते मागे घेत नाही.

चौथ्या खेपेस काही सांगण्यात आले नाही. तपासनीस साहेब दौऱ्यावर होते, त्यांचा डबा मात्र टेबलावर उघडा होता आणि आतल्या खोलीतून हात धुतल्याचा आवाज येत होता.

९. दि. १ मार्च रोजी आपल्याकडून जे पत्र आले ते उत्तर नव्हते, नवीन नोटीस होती. स्फोट घडवणाऱ्या साधनापासून तीस फुटांच्या आत कोणी राहू अगर काम करू नये, असे तीत म्हटले आहे. शिंपीकाकांची आणि आमची भिंत एकच आहे. नोटीस त्यांनाही गेली. ते कात्री हातात घेऊनच आले आणि म्हणाले, "पोरी, हे तुझं यंत्र हलणार नाही म्हणतात, मग तीस फूट मी हलू? माझ्या मशीनच्या पुढं रस्ता आहे, मागं गटार आहे. कुठं हलू ते तरी साहेबाला विचारून ये." मी या अर्जाद्वारे विचारत आहे.

१०. पिंपांत दोनशे लिटर व्हिनेगर तयार आहे. ते वेळेवर बंद केले नाही तर ज्या जिवाणूंनी ते बनवले तेच ते खायला लागतात आणि शेवटी पाणी उरते. दर सोमवारी मी आम्लता मोजते. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ती ५.४ टक्के होती, आज ४.५ आहे. ४ च्या खाली ते विकता येत नाही. या वेगाने साधारण चार आठवडे उरतात. बुचे हाताने ठोकावीत तर टाके घातलेल्या हाताने बाटली धरता येत नाही. मी ठोकून पाहिली. अकरा बाटल्यांपैकी चार गळल्या.

११. परंतु मी मुख्यतः व्हिनेगरसाठी लिहीत नाही. आपल्या नियमाप्रमाणे परवाना दर्शनी भागात लावावा लागतो. तो दारासमोर आहे, तांबड्या ओळीसह. बाटली घ्यायला येणारा माणूस आधी तो वाचतो, मग आत्याच्या हातावरची पट्टी बघतो आणि त्याचे मत तयार होते. परवा एक जुनी गिऱ्हाईक बाई म्हणाल्या, "वय झालं हो, होतं असं." आत्याने त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवले. नंतर मला म्हणाली, "तीस वर्षांत माझी एक बाटली गळली नाही. आता मी कशी आहे ते भिंतीवर टांगलंय. आणि टांगायला लावलंस कुणी? आमच्या शास्त्रज्ञीण बाईंनी." ती तेव्हापासून माझ्याशी कामापुरते बोलते.

१२. आता जे लिहिते ते मागील तीन अर्जांत लिहिलेले नाही.

साहेबांनी मला एकदा गप्प केले, हे खरे आहे. पण 'अडतंय' असे आत्या म्हणाल्यापासून बूड जाईपर्यंत अंदाजे चाळीस सेकंद गेले. बाटली फुटणार हे मला माहीत होते. शंका नव्हती, मनात आकडेमोड झाली होती. दुसऱ्यांदा बोलायला चाळीस सेकंद पुष्कळ होतात. नुसते 'आत्या, थांब' म्हणायला एकही लागत नाही. त्या वेळात मी दोन गोष्टींचा विचार करत होते. एक, बाटली मानेत जाईल की बुडात. दोन, ती गेल्यावर साहेबांचे तोंड कसे होईल. दोन्ही मला पाहायचे होते. आत्याचा हात बाटलीवर आहे, हे तिसरे मला दिसत असूनही मी ते विचारात घेतले नाही.

हे मी काल आत्याला सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले. "तुला ठाऊक होतं?" एवढेच विचारले. मी हो म्हणाले. ती उठून पिंपांच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतले.

१३. सबब विनंती की,

(अ) यंत्रावरील सील काढून, बाटलीत दोन पेरे जागा सोडून, पुनर्तपासणी करावी. तरफ तपासनीस साहेबांनी स्वतः ओढावी. बाटलीही त्यांनीच धरावी.

(आ) शिंपीकाकांना दिलेली नोटीस मागे घ्यावी.

(इ) परवान्यावरील 'यंत्रचालिका निष्काळजी' हा शेरा खोडावा. आत्याने अडते आहे असे सांगितले, दोनदा सांगितले. त्या खोलीत खरे बोलणारी व्यक्ती ती एकटी होती. कार्यालयीन नियमानुसार शेऱ्याचा रकाना रिकामा ठेवता येत नाही, असे लिपिकबाईंनी मला सांगितले आहे. तसे असल्यास तांबड्या शाईने तिथे माझ्याविषयी लिहावे : 'भाची. हजर होती, जाणत होती, बोलली नाही.' ती ओळ दारासमोर टांगायला माझी हरकत नाही. तपासनीस साहेबांविषयी खालच्या ओळीत नुसते 'हजर होते' एवढे लिहिले तरी पुरे.

आपल्या उत्तराची चार आठवडे वाट पाहणारी, त्यानंतर नाही,

(सही)
अर्जदार, परवानाधारकाची भाची
दि. २१ मार्च

सोबत : १) पंचनाम्याची प्रत. २) टाके घातल्याबद्दलचा दवाखान्याचा कागद. ३) दाबाची आकडेमोड, एक पान. ४) आम्लतेच्या सात नोंदी.