आप्पांच्या मापाचं व्हायोलिन

शिरूर,
४ जानेवारी २०२५

तीर्थरूप आप्पांस,
सारिकाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. नवशिक्यासाठी व्हायोलिन बघ, एवढं एकच वाक्य, आणि बाकी पानभर शेवंतीचा बाजार! मी चकितच झाले. आपल्या घरात साधे टाळ नाहीत, आणि दादाच्या लेकीला, साईला, थेट व्हायोलिन? शाळेत शिकवायला लागलेत वाटतं.

इथल्या पेठेत तबला-पेटीचं दुकान आहे, तिथं गेले. दुकानदार म्हणाले, मुलांना लहान मापाचं लागतं. हात लांब केला की वाद्याचं टोक तळव्यात यायला हवं. साई चौथीत आहे म्हटल्यावर त्यांनी छोटं काढलं. एक लाल चकचकीत होतं, पण त्याच्या खुंट्या निसटत होत्या, तार सुरात राहीना. म्हणून साधं तपकिरी घेतलं. गजाला राळ घासल्याशिवाय आवाज निघत नाही म्हणे, ती वडीही आत ठेवली आहे. ह्यांच्या मित्राबरोबर पाठवते आहे.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, मोबाईलवरचं अक्षर दिसत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिलं. साईला म्हणावं, पहिलं गाणं आत्याला ऐकव.

आईला नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

आपली,
सारिका


वरवंड, ता. दौंड,
९ जानेवारी

चि. सौ. सारिकास,
आप्पाचे अनेक आशीर्वाद.

व्हायोलिन पोचलं. चांगलं हाय, पण लई बारकं हाय. माझ्या खांद्यावर ते चिमणीसारखं बसतंय. व्हय, माझ्याच. साईसाठी न्हाई, मला शिकायचंय. हसू नको, आधी पुढचं वाच.

दिवाळीच्या सुट्टीआधी साईला आणायला शाळेत गेलो होतो. तिथं हर्षदा मॅडम म्हणून गाण्याच्या बाई आल्यात. पोरं एकेक करून त्यांचं व्हायोलिन हातात घेत होती. साईनं हट्ट धरला आन् ते माझ्या खांद्यावर ठेवलं. मी हनुवटी टेकवली, तिनं गज ओढला. सारिका, माझ्या डोक्यात आवाज आला! मी एवढा दचकलो की वाद्य खालीच पडायचं. हनुवटी उचलली, सगळं गप्प. टेकवली, पुन्हा आवाज. कानातनं न्हाई, जबड्यातनं, दातातनं. तू दहावीत होतीस तवा माझे कान गेले. तवापासनं घरातला साधा भांड्याचा आवाज मला ठाऊक न्हाई.

मॅडम शिकवायला तयार हायेत. घरात फक्त तुझ्या आईला सांगितलंय. ती पदर तोंडाला लावून बसली आन् मग म्हणाली, म्हातारपणी लोक हसतील. हसू देत, मला ऐकू येत न्हाई. मोठ्या मापाचं मिळेल का, तेवढं बघ.

लेकीवरचा जीव आहे तसाच आहे.

तुझा,
आप्पा


शिरूर,
१४ जानेवारी

तीर्थरूप आप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र दारातच उभ्यानं वाचलं आणि ह्यांना मोठ्यानं हाक मारली. हे धावत आले, त्यांना वाटलं कुणाचं काही बरंवाईट झालं. मी पत्र त्यांच्या हातात दिलं.

आप्पा, मी तुमच्यावर रागावले आहे. दिवाळीआधी हे घडलं आणि तुम्ही मला आत्ता सांगता? दिवाळीत मी चार दिवस तुमच्यासमोर होते! कानाची नस सुकली, आता उपाय नाही, असं तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि आपण सगळ्यांनी ते मुकाट्यानं मान्य केलं. तुमचे कान वाहायचे, तेही कुणी पुन्हा दाखवले नाहीत. मी काल इथल्या कानाच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या खुर्चीतून पुढं झुकल्या आणि म्हणाल्या, हाडातून आवाज पोचत असेल तर आतली नस जिवंत असू शकते, त्यांना लगेच घेऊन या.

चौफुल्यावरून शिरूरची एसटी धरा, आईलाही आणा. दुकानदार छोटं व्हायोलिन बदलून द्यायला तयार आहेत. उशीर केलात तर मीच वरवंडला येऊन उभी राहीन.

रागावले तरी तुमचीच,
सारिका


वरवंड,
२३ जानेवारी

चि. सौ. सारिकास,
अनेक आशीर्वाद.

आम्ही सुखरूप पोचलो. व्हायोलिन मांडीवर धरून आलो, कंडक्टर सारखा बघत होता. दुकानदार एकेक वाजवून दाखवायला लागला तवा तू त्याला थांबवलंस, ते बरं केलंस. मी प्रत्येकाला हनुवटी लावून निवडलं. पहिल्या दोन्हींचा आवाज दाताला करकरला. तिसऱ्याचा छातीपर्यंत उतरला. तेच घेतलं.

डॉक्टरीणबाईंनी तो घुमणारा लोखंडी चिमटा वाजवून कानामागच्या हाडावर टेकवला तवा मी खुर्चीतनं उठलोच. हाडावर बसवायचं यंत्र मिळेल म्हणाल्या, पुढच्या तपासण्या करू. पण त्यापेक्षा मोठा धक्का मला तू दिलास. हाडातनं बोलणंही ऐकू येईल, हे त्यांचं ऐकून तू भर दवाखान्यात माझ्या कपाळाला कपाळ लावलंस आन् आप्पा म्हणालीस. मी इतकी वर्षं तुझा आवाज दहावीतल्या पोरीचाच धरून चाललो होतो. हा भारदस्त बाईचा आवाज कुणाचा, म्हणून मी मागं सरकून तुझ्या तोंडाकडं बघितलं.

काल रात्री तुझ्या आईनंही तसंच कपाळ लावलं. मला नावानं हाक मारली, लग्नानंतर पहिल्यांदा. मग विचारलं, माझा आवाज कसा वाटला. मी म्हणालो, तसाच आहे, काही फरक न्हाई.

खोटं बोललो, सारिका. लई थकलाय तिचा आवाज. थरथरतो. मी हबकूनच गेलो. ह्यातलं तिला काही कळू देऊ नको, आन् महिन्याभरात एकदा तरी येऊन जा. तिला बोलायला माणूस लागतं, हे मला कळायला फार उशीर झाला.

तुझी वाट बघणारा,
आप्पा