नॉर्वेचा निरोप

१० नोव्हेंबर, रविवार

आज धारला जाऊन आले. आईने माझ्यासाठी केलेले डिंकाचे लाडू बाबांना दिले आणि सांगितलं, आईने पाठवलेत. बाबांनी डबा उघडून आधी वासच घेतला. "तिने?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. इतकं सोपं असतं!

परतीच्या बसमध्ये आईसाठी बाबांचा निरोप तयार केला – 'कंबर कशी आहे, विचारलंय.' हाच मी नेहमी देते, कारण हाच तिला चालतो. पोळी लाटता लाटता तिचा हात जरा थांबतो. बाबांना तर आईची कंबर दुखते हेच मुळी माहीत नाही.

तीन वर्षं झाली. बाबा धारला कॉलेजात शिकवतात, आई देवासला विम्याच्या ऑफिसात, आणि मी दर दुसऱ्या रविवारी मधल्या रस्त्यावर. भांडण कशावरून झालं ते दोघंही सांगत नाहीत. एकमेकांना फोन करत नाहीत. खरे निरोप असतात ते असे – शाळेच्या फॉर्मवर सही करा, गॅसचं पुस्तक तुमच्याकडे आहे का. असल्या निरोपांनी कोण परत येणार? म्हणून मी थोडी पदरची भर घालते.

ही वहीही बाबांनीच दिली. शाळेत सगळी हिंदी, निदान घरी मराठी लिही म्हणाले. काना-मात्रा चुकतात. चुकू देत. इथे तरी जसं घडलं तसंच लिहायचं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

शाळेत समिट होणार! नाईल नदीच्या पाण्याचा वाद. विद्युल्लता मॅडमनी अकरावीच्या वर्गात देश वाटले. रणवीर इजिप्त, गुंजन इथिओपिया. मला नॉर्वे. मी तोंड पाडून बसले. नाईल कुठे, नॉर्वे कुठे!

मॅडमनी समजावलं की दोन्ही देश एका खोलीत बसायला तयार नाहीत असं धरायचं. एक लायब्ररीत, एक केमिस्ट्री लॅबमध्ये. मधल्या व्हरांड्यातून निरोप न्यायचे-आणायचे ते नॉर्वेने.

मला हसूच आलं. याची तर मला चांगलीच प्रॅक्टिस आहे.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

नियमांचा कागद मिळाला. निरोप चिठ्ठीवर लिहून घ्यायचा. समोरच्याला वाचून दाखवायचा. एक शब्द बदलायचा नाही. आणि कुणीही 'मी' म्हणायचं नाही, आपल्या देशाचं नाव घ्यायचं.

कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

२४ नोव्हेंबर, रविवार

समिटला पालकांना बोलावलंय. बाबांना सांगितलं, आई म्हणाली तुम्ही याच. आईला सांगितलं, बाबा म्हणाले ती असेल तरच येतो. दोन्ही माझंच.

संध्याकाळी आईने मोरपंखी साडी काढून इस्त्रीला दिली. समिटला अजून वीस दिवस आहेत. मी पाहिलंच नाही असं दाखवलं.

८ डिसेंबर, रविवार

बाबांनी केस काळे केलेत. मला एकदम रडू आलं.

१४ डिसेंबर, शनिवार

सगळ्याचा विचका झाला. क्रमाने लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

बाबा पहिल्या बसने आले. हॉलमध्ये आईपासून दोन खुर्च्या सोडून बसले. फक्त दोन! तीन वर्षांत त्यांना इतकं जवळ बसलेलं मी पाहिलं नव्हतं. मी पळतच व्हरांड्यात गेले.

गुंजनने पहिली चिठ्ठी दिली – धरण आमचं आहे, कधी भरायचं ते आम्ही ठरवू. लॅबच्या दारापाशी माझा पाय अडला. हे वाचलं असतं तर रणवीर उठूनच गेला असता. चिठ्ठी खिशात टाकली आणि तोंडी सांगितलं, दुष्काळाच्या वर्षी इथिओपिया धरण हळूहळू भरेल. रणवीर खूश. मग त्याच्याकडून निघालेल्या चिठ्ठीचंही तेच केलं. नियम आठवत होता, खोटं कशाला बोलू? पण हात आपोआप खिशाकडे जायचा. दुपारपर्यंत दोन्ही देश सहीला तयार. मॅडम पालकांना सांगत होत्या की इतक्या लवकर करार कधीच झाला नव्हता.

सहीसाठी सगळे हॉलमध्ये आले. दोन्ही देश पहिल्यांदाच समोरासमोर. रणवीरने उभं राहून दुष्काळाच्या वर्षाबद्दल इथिओपियाचे आभार मानले.

गुंजन त्याच्याकडे बघतच राहिली. "भिया, ये तो हमने बोला ही नहीं."

मॅडमनी चिठ्ठ्या मागितल्या. माझ्या ब्लेझरमधून अकरा निघाल्या. त्यांनी एकेक मोठ्याने वाचली. मी सांगितलेलं एकीतही नव्हतं.

"आरोही, मग हे बोललं कोण?"

"नॉर्वे," मी म्हटलं.

सगळा हॉल हसला. मी आईकडे पाहिलं. ती हसत नव्हती, बाबांकडे बघत होती. मग रिकाम्या खुर्च्यांवरून वाकून तिने त्यांना काहीतरी विचारलं. बाबांनी नाही म्हणून मान हलवली. तिने आणखी काही विचारलं. पुन्हा तीच मान. आई खुर्चीची पाठ धरून उठली, नेहमी उठते तशी, आणि बाहेर गेली. बाबा तिच्या मागे गेले.

पाण्याच्या टाकीजवळ दोघं दहा मिनिटं बोलले. मी खिडकीतून बघत होते. भांडण नाही, काही नाही. बाबांनी एकदा चष्मा काढून डोळे पुसले. मग ते मला न भेटताच बसस्टँडवर गेले.

घरी आल्यावर आईने चहा टाकला. माझ्याकडे पाठ करूनच विचारलं, "कंबरेचं कोण विचारायचं? तूच?"

"हो."

"त्यांनी एकदा तरी विचारलं होतं?"

हो म्हणता आलं असतं. नाही म्हटलं.

"वकिलाचा नंबर मी केव्हाच आणून ठेवला होता गं," आई म्हणाली. "दर वेळी वाटायचं, अजून विचारतात ना, मग थांबू. त्या एका प्रश्नावर तीन वर्षं थांबले मी."

ती रागावली नाही. रागावली असती, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर बरं वाटलं असतं.

२२ डिसेंबर, रविवार

धार. बाबांनी लाडवांचा डबा घासून-पुसून परत दिला. लाडू छान होते, थँक्यू बेटा, म्हणाले. मी म्हटलं, केले खरंच आईनेच होते. ते नुसते हसले.

५ जानेवारी, रविवार

आता दोघं सरळ फोनवर बोलतात. पाच-पाच मिनिटं, अगदी सभ्यपणे. मला तीन वर्षं हेच तर हवं होतं! बोलतात ते वेगळं होण्याबद्दल.

३१ जानेवारी, शुक्रवार

वकिलाकडे दोघांच्या सह्या झाल्या. मीही गेले होते. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. उतरताना आई जिन्यात मध्येच थांबली, कठडा धरून, डोळे मिटून. बाबा खाली उभे होते. ती पूर्ण उतरेपर्यंत वर बघत राहिले.

२ फेब्रुवारी, रविवार

बाबा धारच्या स्टँडवर सोडायला आले. मी बसले, तर खिडकीशी येऊन घुटमळले. फोनवर विचारता येत नाही म्हणाले. मग म्हणाले, "आईला विचार, कंबर कशी आहे. फार दुखते का?"

देवासपर्यंत तेवढंच घोकत आले, एक शब्दही बदलू नये म्हणून. दारात पाऊल ठेवल्या ठेवल्या आईला सांगितलं.

आईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "पुरे आता, आरू," म्हणाली. "आता बनवून नको सांगूस."