इंजिनाला माणसं हवीत

कशेळी,
श्रावणातला पहिला सोमवार

ती. जानकीआक्कास,

धाकट्या लडकूचा लांबूनच नमस्कार. (पायांवर डोकं ठेवलं असतं, पण गुडघ्यांच्या ऑपरेशनपासून तू त्या भागात कुणाला फिरकू देत नाहीस, असं तुझा भावेश म्हणाला.) तुझे गुडघे कसे आहेत? बदलापूरच्या त्या चौथ्या मजल्यावर लिफ्ट चालू असते का? नसेल तर मला कळव, मी सोसायटीच्या सभेत येऊन बोलतो. माझी तब्येत उत्तम आहे. भूक लागते. भात एकट्यापुरता करायचा अंदाज अजून येत नाही, त्यामुळे दोन्ही वेळा तोच भात खातो. फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तू मला स्पीकरवर ठेवून भाजी निवडायला घेतेस आणि मुद्द्याच्या ठिकाणी "बरं बरं" म्हणतेस. पत्राला "बरं बरं" म्हणता येत नाही.

तर मी होडीला नवं इंजिन घेतलं. का घेतलं ते ऐक. मे महिन्यात नाक्यावर वाहतूक कोंडीच्या विरोधात सभा झाली आणि मुख्य वक्ता अर्थातच मी होतो. गोदामांचे ट्रेलर, पुलावरच्या रांगा, रांगेतच बाळंत झालेली बाई, सगळं मांडलं. शेवटी आवाज चढवून म्हणालो, की आपल्या बापजाद्यांचा रस्ता डांबराचा नव्हता, पाण्याचा होता. खाडी हाच आपला रस्ता, आणि उद्यापासून ज्याला ठाण्याला जायचं असेल त्याला मी माझ्या होडीतून फुकट नेईन! टाळ्या तुला बदलापूरला ऐकू यायला हव्या होत्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या वेळचं जुनं इंजिन सुरूच झालं नाही, आणि धक्क्यावर ते बघायलाही कुणी आलेलं नव्हतं. एखाद्या लेच्यापेच्या माणसाने यातून बोध घेतला असता. मी नवं इंजिन घेतलं. माणूस तत्त्वाला चिकटला की तत्त्व कधी ना कधी माणसाला चिकटतं, असं माझं मत आहे. (मैना असती तर म्हणाली असती, की चिकटतो तो खाडीचा चिखल, आणि कपडे मला धुवावे लागतात.)

नवं इंजिन हे नव्या सुनेसारखं असतं, असं इथे सगळे सांगतात, आणि सुनेला कसं वागवावं याबद्दल जेवढी मतं आहेत तेवढीच इंजिनाबद्दल आहेत. एक म्हणाला, बांधून ठेवून रात्रभर नुसतं चालू ठेवा. शेजारचा भूपेश (टेम्पोवाला, गुणाबाईचा नातू, तुझ्या लग्नात मांडवात हरवला होता त्याचा मुलगा) म्हणाला, "काका, पयल्याच दिवशी खेचा त्याला फुल्ल! घाबराचा न्हाय!" मी वाचनालयातली तीन कपाटं पालथी घातलेला माणूस. मी पुस्तिका वाचली. तिच्यात स्पष्ट लिहिलं आहे: सुरुवातीलाच पूर्ण वेग देऊ नये. एकाच वेगाने फार वेळ चालवू नये, वेग कमी-जास्त करत राहावा. मध्ये थांबावं, थंड होऊ द्यावं. आक्का, ही पुस्तिका लिहिणाऱ्याने माझी भाषणं ऐकली असावीत. तू आणि मैना गेली चाळीस वर्षं मला हेच सांगत होतात. तुमचं ऐकलं नाही, पण छापलेलं ऐकावं लागतं.

म्हणून मी रोज भरतीला एकटा निघू लागलो. थोडं हळू, थोडं जोरात, पुन्हा हळू. तिवरांच्या कडेने जायचं, पुलाखाली वळायचं, वर उभ्या असलेल्या ट्रकांकडे बघायचं आणि परत यायचं. पुलावरचे ड्रायव्हर हात करायचे, मीही करायचो. दिवसभरात तेवढंच काय ते बोलणं व्हायचं. पण पुस्तिकेच्या पुढच्या पानावर खरी अडचण निघाली. पहिले काही तास झाले की इंजिनाला ओझं द्यावं लागतं. रिकामी होडी ओढत राहिलं तर आतल्या रिंगा नीट बसत नाहीत, आणि ज्याच्या रिंगा पहिल्या दिवसांत बसल्या नाहीत ते इंजिन जन्मभर तेल पितं आणि धूर ओकतं. पुस्तिका म्हणते, दोन-तीन माणसं बसवा. लिहिणाऱ्याला काय, लिहून मोकळा! टाळ्या वाजवणाऱ्यांच्या दारोदार गेलो. एकाला पाण्याची भीती, एकाला ड्युटी, एकाने "नक्की येतो सर" म्हणून दार इतक्या हळू लावलं की मला त्याची दया आली. भूपेश तेवढा खरं बोलला. "काका, तुमचा सगला बरोबर हाय. पन तुमच्या होडीत बसला म्हंजे भाषान ऐकाला लागल, आनि मधी उतराला जागा न्हाय."

तरीही इंजिन वाया जाऊ देणं शक्य नव्हतं. भूपेशच्या घराच्या बांधकामातली रेती उरली होती. आम्ही तीन गोण्या भरून होडीत चढवल्या, भिजून जड होऊ नयेत म्हणून वर ताडपत्री टाकली. दोन मध्ये ठेवल्या आणि एक पुढे, मैना बसायची तिथे. मैना वाटेकडे पाठ करून, माझ्याकडे तोंड करून बसायची, तुला आठवत असेल. आणि वाट न बघता मला वळायचं कुठे ते सांगायची.

आता तूच डोळ्यांसमोर आण. पावसाळ्यात सकाळी सकाळी एक होडी खाडीत निघाली आहे, ताडपत्रीखाली रेती आहे, आणि ती हळू जाते, एकदम पळते, पुन्हा हळू होते, वळते, तिवरांत थांबते. (पुस्तिकेनुसार.) रेतीचोर पकडणारं पथक दहा मिनिटांत माझ्या पुढे होतं. त्यातल्या तरुण तलाठ्याने मला ओळखलं आणि बिचारा पांढरा पडला. म्हणाला, "सर, तुम्ही? तुमच्याच अर्जावरून आमची इथे ड्युटी लागली आहे." ते खरं होतं. एक गोणी रेती नेणाऱ्यालाही सोडू नका, वशिला चालू देऊ नका, हे माझ्याच अर्जातलं वाक्य होतं. त्याने विचारलं, रेती कुठे चालली आहे? मी म्हणालो, कुठेच नाही, फिरवून परत आणणार आहे. तो म्हणाला, "रेतीला फिरवता?" आक्का, मी पुस्तिका उघडून त्याच्यापुढे धरली. मग त्याने जरा दबकत आणखी एक विचारलं. "आणि सर, तुम्ही बोलत कुणाशी होता?"

मी म्हणालो, मशीनच्या आवाजात तसं वाटलं असेल.

वशिला मी स्वतःच चालू दिला नाही. रीतसर पंचनामा करा म्हणालो. त्यासाठी काठावर यायला हवं होतं, आणि तोवर ओहोटी लागून नेमकी त्यांची बोट गाळात रुतली. एक शिपाई तिच्यात राहिला, तलाठी आणि दुसरा शिपाई माझ्या होडीत आले. तीन गोण्या आणि दोन माणसं! आक्का, इंजिनाचा आवाज बदलला. इतके दिवस ते नुसतं किरकिरत होतं, आता पोटातून बोलायला लागलं. खाडीच्या रस्त्याने प्रवास करणारे माझे पहिले प्रवासी मला पकडून नेत होते, आणि मला इतकं बरं वाटत होतं की मी मुद्दाम लांबच्या वाटेने घेतलं. जलमार्गाचा इतिहास सांगायला घेतला. शिपाई म्हणाला, "सर, जरा हळू." मला वाटलं इंजिनाला म्हणतो आहे. काठावर भूपेशने पंचांसमोर "रेती माझीच हाय वो, बिल पन हाय" असं सांगितल्यावर मी सुटलो. गोण्या तेवढ्या चौकशीसाठी ठेवून घेतल्या. तलाठ्याला मी घरी चहाला चला म्हणालो, पण त्याला पुलावरून पुढे जायचं होतं आणि तिकडे कोंडी वाढत होती.

तर असं आहे. बाकी सर्व ठीक. भावेशला आशीर्वाद.

तुझा,
लडकू

ता. क. तुझं वजन सध्या किती आहे ते कळव. राग मानू नकोस, शास्त्रीय कारण आहे. उरलेल्या तासांना मध्यम ओझं हवं आहे आणि पुस्तिकेच्या हिशेबात तू एकटी पुरशील.

ता. क. दोन. यंदा राखी कुरिअरने पाठवू नकोस. गेल्या वर्षीची पाकिटातच आहे, एका हाताने बांधता आली नाही. नारळी पौर्णिमेला भावेश तुला गाडीने धक्क्यापर्यंत सोडेल, मी त्याच्याशी बोललो आहे. (तो "बरं बरं" म्हणाला.) तुला खाली बसता येत नाही म्हणून प्लास्टिकची खुर्ची, कलंडू नये म्हणून पाय जरासे कापून, होडीत पुढे पक्की बांधली आहे.

ता. क. तीन. तुझ्यापासून काय लपवायचं? इंजिनाचे तास परवाच पुरे झाले. पाण्याची पिंपं भरून फिरवली. भूपेश कान लावून म्हणाला, "बसल्या रिंगा, काका." इंजिनाला आता कुणाची गरज नाही. तू तरीही ये. खुर्चीचं तोंड माझ्याकडे केलं आहे. मी बोलणार नाही, वळायचं कुठे ते तू सांग.