त्रेसष्ट टक्के

३ मार्च, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. वाचणारा मीच, त्यामुळे खोटं लिहायचं कारण नाही.
ऑफिसात मला मागून 'म्युझियम' म्हणतात, हे लिफ्टमध्ये ऐकलं. मला बघताच दोघं हवामानावर बोलायला लागले. मनाला लागलं वगैरे नाही. जेवण गेलं नाही, पण ते ॲसिडिटीमुळे.

४ मार्च
मीटिंग. आमच्या श्रवणयंत्रातला गोंगाट गाळणारा फिल्टर नव्या मुलीने चार महिने खपून लिहिलाय. (मी तिला दुर्बीण म्हणतो. सगळं दोनदा तपासते.) गाळतो छान, पण हळू. बोलणं तुटक ऐकू येतं. साहेब म्हणाले, बारा तारखेच्या डेमोपर्यंत वेग आला नाही तर फिल्टर बाद.
मी उभा राहून सांगितलं, कोडला हात लावायची गरजच नाही. कोड मशीनच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर. त्याला बाहेरून शे-दोनशे आकडे देता येतात: पुन्हा पुन्हा फिरणारा कोडचा तुकडा, म्हणजे लूप, किती वेळा उलगडायचा, वेगळा लिहिलेला तुकडा, म्हणजे फंक्शन, केवढा असेल तर जागच्या जागी घुसवायचा. ते नीट लावले की काम फत्ते.
सगळे गप्प. आदराने असावेत.

६ मार्च
लूप उलगडायची मर्यादा आठवरून सोळा. वेग दोन टक्के कमी. बत्तीस केली. प्रोग्राम एवढा फुगला की यंत्रात मावेना. बायको म्हणाली, मग मूळचेच आकडे ठेवा की, बनवणाऱ्यांनी काही विचार केला असेल. तिला यातलं काही कळत नाही.

७ मार्च, दुपारी ४.१०
फंक्शन घुसवायची मर्यादा दहापट केली. त्रेसष्ट टक्के वेळ वाचला!!! त्रेसष्ट!
वेळ मोजायचा छोटा प्रोग्रामही माझाच. अख्ख्या ऑफिसला मेल टाकला, ठळक अक्षरांत. दुर्बिणीने सगळ्यांसमोर विचारलं, सर, गाळलेला आवाज ऐकून पाहिलात का? मी म्हटलं, आकडे आल्यावर ऐकायचं काय राहतं? चारजण हसले. ती लाल झाली. शिकेल हळूहळू.

१२ मार्च, बुधवार
डेमो. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी यंत्र लावलं आणि लगेच काढलं. म्हणाल्या, आधीपेक्षा जास्त तुटतंय.
साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडून निघून गेलं की माझे आकडे बरोबर आहेत, फिल्टरमध्येच खोट असणार. फिल्टर बाद, तिची रवानगी तिसऱ्या मजल्यावर, मॅन्युअल लिहायला.
तोंडून निघणं आणि म्हणणं यात फरक आहे.

१३ मार्च
अरे देवा.
मोजणीच्या प्रोग्राममध्ये मी फिल्टरचं उत्तर कुठेच वापरलं नव्हतं. नुसता वेळ मोजत होतो. मर्यादा वाढवल्यावर कंपायलरला फंक्शनच्या आतलं दिसलं, हे उत्तर कुणालाच नकोय हे कळलं, आणि त्याने बरंचसं काम काढूनच टाकलं. न केलेल्या कामाला वेळ कसा लागेल? खऱ्या यंत्रात मात्र उत्तर लागतंच, तिथे माझ्या आकड्यांनी फुगलेला प्रोग्राम उलट आणखी हळू झाला.
फिल्टर निर्दोष. मुलगी निर्दोष. उद्या पहिलं काम, साहेबांना सांगणं.

१४ मार्च
साहेबांच्या केबिनपर्यंत गेलो. कामात असावेत. पेपर वाचत होते.

१७ मार्च, सोमवार
दुर्बिणीचं टेबल रिकामं. तिच्या कुंडीला पाणी घातलं. जेवढं होतं तेवढं करतोच आहे.

१८ मार्च
घसा बसला. अशात गंभीर विषय काढू नये. बायको म्हणाली, सकाळी आंघोळ करताना तर गात होतात.

१९ मार्च
लाज वाटते. एवढंच.

२१ मार्च, शुक्रवार
दुर्बिणीला सगळं सांगून टाकलं. मन हलकं झालं.

त्याच दिवशी, संध्याकाळ
वरचं खरं नाही. तिसऱ्या मजल्यावर गेलो, तिच्यासमोर बसलो, आणि स्टेपलर मागितला.
तिने दिला. मग शांतपणे म्हणाली, सर, तुमचा मोजणीचा प्रोग्राम मी डेमोच्या दिवशीच उघडून पाहिला. साहेबांनाही दाखवला. ते म्हणाले, पुढच्या शुक्रवारपर्यंत थांबू, इतकी वर्षं काम केलेला माणूस आहे, स्वतःहून येईल.
कंपायलरचे मूळ आकडे परत लावून, कोडमधला एकच लूप बदलून, तिने फिल्टर वेगातही आणलाय. सोमवारी ती तो घेऊन वर येणार. मॅन्युअल मी लिहायचं.
विचारलं, साहेब रागावलेत का? म्हणाली, नाही, वाट बघत होते.
मी बरं म्हणालो आणि जिना चढून वर आलो. सॉरी म्हणायचं राहूनच गेलं.