न चिकटवलेलं पाकीट

ता. ३ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

घरी सांग, मी इथे दवाखान्यात बरी आहे. खरं तुलाच लिहिते. गर्भाशयाच्या तोंडाला टाका घालून दहा आठवडे झाले, आज चोविसावा आठवडा संपला. मागच्या वेळी बाविसाव्यातच सगळं संपलं होतं, म्हणून हा वरचा पंधरवडा मी जीव मुठीत धरून काढला.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, आधीचं एक गेलेलं, तोंड आखूड, म्हणजे टाका असूनही बाळ लवकर येण्याचा धोका आहेच. त्यात ताप किंवा संसर्ग झाला तर लगेच सांगा, कदाचित टाका काढावा लागेल. परवापासून अंगात कणकण आहे, लघवीला जळजळ. नर्स ताप बघायला येण्याआधी मी उशीखाली लपवलेली तापाची गोळी गुपचूप घेते. टाका काढला की बाळ गेलं, ताई. कुणाला सांगू नकोस, माझी शपथ आहे. ह्यांनाही नाही.

तुझा जीव माझ्यावर आहे तसाच असू दे.
धाकटी

ता. ४ जून

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शिलाई मशीनवर बसूनच वाचलं. तीस वर्षं टाके घालते आहे. कापड आतून कुजलं की टाका धरून राहतो आणि कापड फाटतं. तू टाका वाचवते आहेस आणि दोन जीव घालवायला निघाली आहेस. नर्सला फसवशील, पोटातल्याला कसं फसवणार? मला फार भीती वाटते आहे.

तुझी शपथ मोडली नाही, कुणाला अवाक्षर बोलले नाही. फक्त हे पाकीट चिकटवलेलं नाही, आणि डब्याबरोबर ते तुला आणून देणाऱ्या तुझ्या ह्यांची दुसऱ्यांची पत्रं वाचायची खोड तुला माहीत आहेच.

लोभ नको असेल तर भांडण ठेव, पण तू राहा.
ताई

ता. ८ जुलै

ती. ताईस सा. न.

महिनाभर लिहिलं नाही, रागच होता. ह्यांनी पत्र जिन्यातच वाचलं आणि डबा पायरीवर टाकून डॉक्टरीणबाईंकडे पळाले. त्या मला रागावल्या नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. संसर्ग लघवीतच होता, वर बाळापर्यंत पोचला नव्हता. सलाईनमधून औषध दिलं, टाका राहिला. आणखी दोन दिवस गेले असते तर दोघांच्याही जिवावर बेतलं असतं, म्हणाल्या.

आज एकोणतिसावा संपला. धोका आहेच, भीतीही तेवढीच. काल पोट कडक झालं तेव्हा हात आधी सवयीने उशीखाली गेला. मग मी घंटा वाजवली.

उरलेलं भांडण बाळाला घेऊन येईन तेव्हा.
तुझी धाकटी

ता. क. पाकीट मीही चिकटवलेलं नाही.